कापलेलं ‘माहीत नाही’

लातुरात भूकंपावर परिसंवाद झाला. भाषणं, चर्चा सगळं इंटरनेटवर टाकायचं ठरलं आणि काम वीरेशकडं गेलं. तो एका कोचिंग क्लासचे व्हिडिओ बनवायचा. त्याच क्लासात फिजिक्स शिकवणारे राघवेंद्र सरही परिसंवादात बोलले. क्लासच्या चौकातल्या जाहिरात-फलकावर सर्वांत मोठा फोटो सरांचाच.

चर्चेत रेणापूरच्या नागम्मांनी विचारलं, “सर, पुन्हा येईल का ओ भूकंप?” त्र्याण्णवला त्यांच्या घराची भिंत पडली होती.

सर खोकले, मग त्यांनी चष्मा पुसला. “येईल. उद्याही येईल, शंभर वर्षांनीही येईल. कधी, ते मला माहीत नाही.”

क्लासच्या शिरस्त्याप्रमाणे वीरेशनं सरांचा खोकला, चष्मा आणि ‘माहीत नाही’ कापलं. शंभर वर्षं अभ्यासक्रमाबाहेरची, म्हणून तीही कापली. उरलं ते रात्रीच इंटरनेटवर गेलं : “येईल. उद्याही येईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागम्मांचा फोन.

“सर, गल्लीतल्या समद्यांच्या बाजा अंगणात हायत. भांडी बी भाइर काढायलेत.”

“अहो, तुम्ही तर समोर होतात!”

“मी सांगितलं की, सर माहीत न्हाई म्हणले. लोक म्हणतेत, मोबाईलवर हाय, तुलाच ऐकू कमी येतं. आता मलाच शंका यायली.”

सर चहा तसाच सोडून वीरेशकडं धावले.

“पूर्ण चर्चा टाक. आत्ता.”

“सर, मास्तरला माहीत न्हाई म्हणल्यावर आई-बाप पोराला दुसऱ्या क्लासात घालतेत. क्लासचे मालक फलकावरनं तुमचा फोटो उतरवतील बघा.”

सर बसले, उठले, पुन्हा बसले. खिडकीतून फलक दिसत होता. त्यावरचे सर जगातलं सगळं कळल्यासारखे हसत होते. त्या हसण्यासाठी मिशांना कलप लावला होता.

“टाक. माझ्यासमोर.”

दुपारी नागम्मांचा पुन्हा फोन. “गल्लीला दाखविलं. समद्यांनी बाजा आत घेतल्या.”

“आणि तुम्ही?”

“माझी भाइरच. आत लई उकडतंय.”

संध्याकाळी सर चौकातून निघाले, तर फलकाला शिडी लागलेली. वर वीरेश, हातात पक्कड. फोटोचा एक कान सुटून वाऱ्यावर फडफडत होता.

“सर, राग मानू नका. मालकांनी मलाच चढवलं.”

“खाली बघू नकोस.”

शिडी हलत होती. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.