राखून ठेवलेला इनॉक

नऊ मोसम इनॉक ऑर्मरॉड आमच्या थॉर्नक्लफ रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या आघाडीला मधोमध खेळला. दिसायला काही नाही. आखूड पाय, बसकं नाक. पण गोलरक्षकाने चेंडू छातीशी धरला की हा खांद्याने ढकलून दोघांनाही जाळ्यात पोचवायचा, अगदी त्या काळच्या नियमात राहून. बाकीचे खेळायचे, हा वसुली करायचा.

मी स्टेशन रस्त्यावरचा न्हावी. खेळाडू माझ्याकडे येत आणि क्लबचे संचालकही, त्यामुळे कोणाची मान किती मळलेली आहे ते मला ठाऊक असे.

१९११ च्या वसंतात इनॉकचा गुडघा दुखावला. मोसम संपल्यावर रिवाजाप्रमाणे क्लबने कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं ते फाटकावर लावलं. इनॉकला ठेवलंही नव्हतं आणि सोडलंही नव्हतं. त्याला राखून ठेवून विकायला काढलं होतं, तीनशे पौंडांना. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पगार बंद, आणि क्लबच्या परवानगीशिवाय दुसरीकडे बुटाची नाडी बांधायचीही सोय नाही.

शेजारच्या ब्रॅकनशॉने त्याला मागितलं. गरीब क्लब, पन्नासच्या वर जाणं त्यांना शक्य नव्हतं. आमचे अध्यक्ष मिस्टर क्लेग नाही म्हणाले. मग इनॉक गावातल्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, पोरांच्या संघाकडून एक सामना खेळला, फुकटात. रोव्हर्सने तक्रार ठोकली आणि पोरांचे गुण कापले गेले. पोरांचा गुन्हा काय, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

एका शनिवारी सकाळी क्लेग माझ्या खुर्चीत होते. धंद्याने खाटीक, गळ्याभोवती माझा टॉवेल, तोंडाला फेस. तेवढ्यात इनॉक टोपी हातात घेऊन आत आला.

"मिस्टर क्लेग, ब्रॅकनशॉचा सेक्रेटरी परत आला होता. गुडघा बघितला त्याने. एक मोसम सहज निघेल म्हणाला."

"वा. तीनशे आणलेत का?"

"गावभर तुम्हीच सांगता, ऑर्मरॉड संपला. मग तीनशे कशाचे?"

"नावाचे, बाबा. पन्नासला दिला तर भागधारक म्हणतील, इतकी वर्षं आपण हलका माल मिरवत होतो."

"मग तुम्ही खेळवा."

"लंगड्याला?"

बाकावरची माणसं वर्तमानपत्रात तोंड घालून बसली. इनॉक म्हणाला, "मला बत्तिसावं लागलंय. पुढच्या वर्षी फुकट दिलंत तरी कोणी नेणार नाही."

"अरे, आम्ही काय तुला विसरलो? ख्रिसमसला तुझा सत्कार ठरवलाय. मटण माझ्या दुकानातलं."

"मटण तरी तुम्ही नासायच्या आत विकता," इनॉक म्हणाला, आणि निघून गेला.

क्लेगांचा डावा गाल झाला होता. मी वस्तरा मिटला आणि खिशात टाकला.

"काय झालं, वॉल्टर?"

"तुम्हाला राखून ठेवलं, साहेब."

"म्हणजे?"

"उरलेली दाढी मी करणार नाही. आणि माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या न्हाव्याने हात लावायचा नाही. कोणाला हौस असेल तर त्याने तीनशे पौंड घेऊन यावं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नियम तुमचाच. मी नुसता वस्तरा धरतो."

बाकावर हशा पिकला. क्लेगांनी टॉवेल भिरकावला, अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन रस्ता ओलांडला आणि समोरच्या पिकपच्या दुकानात शिरले. थोड्या वेळाने दोन्ही गाल तुळतुळीत करून बाहेर आले, वर मला मान डोलावून गेले.

पिकपवर मी रागावलो नाही. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक आलं, त्याने काम केलं. सगळ्या धंद्यांत असंच चालतं. इनॉकच्याच धंद्यात समोर दुकान नव्हतं.

ब्रॅकनशॉने वाट पाहून दुसरा गडी घेतला. सत्काराला मान्यवर पोटभर जेवले. इनॉक गेला नाही. तो गिरणीत गाठोडी ओढायला लागला. दोन वर्षांनी दाढीला आला तेव्हा केसांत कापूस अडकला होता, गुडघा वाकत नव्हता, आणि कागदोपत्री तो अजून थॉर्नक्लफ रोव्हर्सचाच खेळाडू होता. किंमत तीनशे पौंड.