मधल्या स्पीकरचा आवाज

आम्रपाली दिवसभर कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. विश्रांतवाडीला घरी पोचल्यावर तिला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करावासा वाटत नसे. पण त्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि छप्पन साली नागपूरला हजर असलेली वस्तीत एकटी तिची आईच उरली होती. विहाराचे सेक्रेटरी मेश्रामकाका म्हणाले, "चंद्रभागाबाईंच्या आठवणींची डीव्हीडी कर. कार्यक्रमात लावू." नाही म्हणायची सोय नव्हती.

तिने मैत्रिणीचा अमेरिकेहून आणलेला कॅमेरा मागून घेतला. तो समोरचा, बाजूंचा, मागचा असा आवाज वेगवेगळा टिपायचा. आई पाऊण तास बोलली. आम्रपालीचं अर्धं लक्ष बॅटरीकडे, अर्धं आईच्या तोंडावर येणाऱ्या उन्हाकडे. मग दोन रविवार घालवून तिने डीव्हीडी बनवली आणि प्लेअरवर लावून पाहिली. सुरुवातीला आई पदर नीट करत होती, पंखा घरघरत होता, आत कुकरची शिट्टी झाली. आवाज येतोय म्हणून तिने बंद केली. ऑफिसात कोणी एवढ्यावर तपासणी उरकली असती, तर तिनेच त्याला झापलं असतं.

कार्यक्रमाच्या सकाळी विहार भरला होता. टीव्हीवर आईचे ओठ हलू लागले. पंखा ऐकू येत होता, शिट्ट्या ऐकू येत होत्या. फक्त आईच ऐकू येत नव्हती. काकांनी आवाज वाढवला तसा पंखा विमानासारखा घोंघावला.

"कुकरच्या आठवणी छान आहेत," मागून कोणीतरी म्हणालं.

शेवटी काकांनी आईलाच माईकपाशी नेलं. "आता तुम्हीच सांगा. दीक्षा घेतली तो क्षण कसा होता?"

आईने गर्दीकडे पाहिलं. "खूप माणसं होती," ती म्हणाली. "सगळे पांढऱ्या कपड्यांत होते." जय भीम करून ती खाली बसली.

"आई, चुकलं माझं," आम्रपाली रिक्षात म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. घरी गेल्यावर मला जरा पडू दे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्रपालीने डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरची माहिती वाचली. या प्रकारच्या कॅमेऱ्याच्या फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे सहा स्पीकरांसाठी वेगवेगळ्या टिपलेल्या आवाजातून फक्त डावा आणि उजवा भाग घेतला जातो, असं तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. बोलणाऱ्याचा आवाज मधल्या स्पीकरसाठी असतो. तो सॉफ्टवेअरने सरळ टाकून दिला होता. 'हा दोष नाही, रचनाच अशी आहे,' असा शेरा मारून तिने स्वतः अशा कितीतरी तक्रारी बंद केल्या होत्या. तिला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं.

आठवडाभर शोधून तिला एक छोटा प्रोग्राम मिळाला. त्याने सगळे आवाज एकत्र करून साधा स्टीरिओ केला. या वेळी तिने डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

आई सांगत होती, "दोन दिवस चालत होतो आम्ही. मी सहा वर्षांची. पायाला फोड आले, मग बाबांनी खांद्यावर घेतलं. आजूबाजूला सगळे म्हणत होते, बाबासाहेब आले, बाबासाहेब आले. मला पुढचं काही आठवत नाही. मी झोपले होते."

आम्रपालीने डिस्क थांबवली. आई हे बोलत असताना ती समोरच बसली होती, आणि तिने ऐकलं नव्हतं.

आई बाहेर मेथी निवडत होती. आम्रपाली तिच्याजवळ जाऊन बसली. "तू त्या वेळी झोपली होतीस?"

"हो."

"म्हणून विहारात काही बोलली नाहीस?"

"सगळे कसे बघत होते माझ्याकडे! इतकी वर्षं मी 'तिथे होते' म्हणून माझ्या पाया पडतात. त्यांना कसं सांगू?" आईने एक जुडी सोडली. "कॅमेऱ्यासमोर तूच होतीस. तुला सांगितलं."

"मग ही डिस्क काकांना देऊ का? तेवढं कापता येईल."

आईने खुडलेली पानं बाजूला सारली.

"कापू नकोस," ती म्हणाली. "दमलेलं पोर झोपणारच. ऐकू दे त्यांना."

आम्रपालीने डिस्कवर आईचं नाव लिहिलं आणि उरलेली जुडी स्वतःकडे ओढून घेतली.