रेघेपलीकडची गादी

मी एक जुनी गादी आहे, पण आजवर माझ्यावर कोणी झोपलेलं नाही. मित्रांनो, माझं काम उभ्यानं असतं. छताखालच्या मैदानात साठ मीटरची सरळ शर्यत संपते आणि थोड्याच अंतरावर भिंत येते. मुली सात-सव्वासात सेकंदांत रेघ ओलांडतात, त्यांना थांबायला जागा पुरत नाही, मग त्या थेट भिंतीला बांधलेल्या माझ्या अंगावर येऊन आदळतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात जाड फोम भरला, वर निळं रेक्झिन शिवलं, पाठीला चार पट्टे लावले. शिवणाऱ्या बाईंनी कोपऱ्यांना दुहेरी टीप घातली. "मार खायचाय हिला," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. इथे आल्यापासून मी इतक्या जणींचा मार खाल्ला की मोजणंच सोडून दिलं. पिस्तुलाचा आवाज झाला की अजूनही माझा जीव टांगणीला लागतो.

आठ मार्गिकांच्या टोकाला आम्ही आठजणी होतो. मी पहिल्या मार्गिकेची, कडेची. आम्हाला बांधायचं काम एका मावशींकडे होतं. गोल गरगरीत अंग, एक गुडघा दुखरा. तरी पट्टे आवळून झाले की त्या दहा पावलं मागे जायच्या आणि धावत येऊन प्रत्येकीवर अंग झोकून द्यायच्या. बघणारे हसायचे. "हसा खुशाल," मावशी म्हणायच्या, "मी आपटले तर चालेल, पोरी नकोत."

यंदा आमच्याकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिथे एक मुलगी आली. तिची थोरली बहीणच तिची प्रशिक्षक होती आणि तिला खारू म्हणायची. वर्षापूर्वी सरावात एक सैल गादी सरकली आणि खारूचं मनगट भिंतीवर मोडलं. हाड जुळलं, भीती काही गेली नाही. रेघेच्या दोन पावलं आधीच तिचे पाय आखडायचे. एवढ्याशा शर्यतीत दोन पावलं म्हणजे सगळंच की! प्राथमिक फेरीत ती कशीबशी तरली आणि उपांत्य फेरीतून सगळ्यात शेवटी आत घुसली. म्हणून अंतिम फेरीत तिला कडेची, माझी मार्गिका मिळाली.

"खारू, ब्रेक रेघेनंतर मारायचा असतो गं!" ताई वैतागून म्हणाली. "आज आखडलीस तर संघातून काढतील तुला."

"मला कळतं ताई. पायांना कळत नाही."

अंतिम फेरीआधी एक साहेब आले. कॅमेऱ्यात बरं दिसावं म्हणून आमच्या कळकट अंगावर चकचकीत कापड चढवायचं ठरलं. मावशींचं आपटणंही त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांना बाहेर बसवलं. कापड चढवताना पट्टे सोडले, घाईघाईत पुन्हा बांधले. माझे खालचे दोन मात्र तसेच लोंबत राहिले, आणि कापडामुळे ते कुणाला दिसेनात. माझी नुसती तगमग झाली. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

खारू सरावाची एक धाव घेऊन माझ्यापुढे थांबली. तिनं मला हातानं ढकललं. मी खालून सरकले. तिनं साहेबांना हाक मारली.

"साहेब, ही गादी सैल आहे."

"दोन मिनिटं राहिलीत. सगळं नीट बांधलंय," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"मग मी जागेवर जात नाही."

ती माझ्यापुढून हलली नाही. तोवर ताई धावत जाऊन मावशींना घेऊन आली. मावशी दोरीखालून वाकून आत शिरल्या, कापड वर केलं आणि माझे पट्टे करकचून आवळले. मग भर कॅमेऱ्यासमोर दहा पावलं मागे जाऊन धप्पकन माझ्यावर आदळल्या. सगळं मैदान हसलं. खारूही हसली.

"ये आता बिनधास्त," मावशी धापा टाकत म्हणाल्या.

पिस्तूल वाजलं. खारू आली. काय आली हो ती! रेघेआधीची ती दोन पावलं मी श्वास धरून पाहिली. पाय आखडले नाहीत. ती सगळ्या अंगानिशी माझ्यावर आदळली आणि कापडात तोंड खुपसून पुटपुटली, "नाही थांबले मी."

"चौथी! अगं, चौथी आलीस!" ताई रडतच ओरडली. पदक हुकलं, पण संघातली जागा राहिली.

एक गोष्ट मात्र मलाच कळली. माझ्या पोटातला फोम आता बसलाय. त्या धडकेत भिंत माझ्यातून तिच्या कोपराला लागली. ती हसत हसत कोपर चोळत गेली. मला हसू आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या सगळ्याच सांगतात. मी तेवढंच मागणार नाही. मला नवा फोम भरा, नाहीतर सरळ काढून टाका, पण नुसतं दिसायला भिंतीवर ठेवू नका. पुढच्या महिन्यात खारू सरावाला इथेच येणार आहे, आणि आता ती थांबत नाही.