मामाच्या हाताचा क्लोज-अप

फाउस्तो आर्रिएता सरहद्दीच्या छावणीतून पळाला, तीन वर्षं पंपा नावाच्या गवताळ माळावर फौजेला झुलवत राहिला आणि शेवटी आमच्या गावच्या तळ्याकाठी गोळी खाऊन मेला. दीडशे वर्षं झाली, गाव अजून त्याच्यावर जगतंय. आमच्या ॲनिमेशनपटात मात्र तो मरत नाही, बोलक्या शहामृगावर बसून मावळतीकडे निघून जातो. तेही मी गिळलं. माझं भांडण फक्त चार सेकंदांचं होतं.

त्या चार सेकंदांत फाउस्तो शेकोटीपाशी येर्बा, म्हणजे आमचा कडू पाल्याचा काढा, पितो आणि तुंब्यातली ओढायची नळी, चहात चमचा फिरवावा तशी, गोल गोल फिरवतो. आमच्याकडे माणूस एखादवेळी सासूला शिवी देईल, पण नळी ढवळणार नाही. गाळ नळीत अडकतो आणि ज्याने तुंबा भरून दिला त्याचा अपमान होतो.

त्यात तो हात आन्सेल्मोमामाचा होता. स्टुडिओत मी फक्त हात काढतो. फाउस्तोचे हात मी मामाचे बघून काढले होते, दोरखंडात तुटलेल्या अर्ध्या करंगळीसकट. गावच्या मिरवणुकीत चाळीस वर्षं मामाच फाउस्तो होतो आणि दर रविवारी अख्ख्या आळीला तोच एका तुंब्यातून येर्बा भरून देतो. मी हात स्थिर काढला होता. फिरवला दुसऱ्यांनी.

"बाई, नळी हलता कामा नये," मी निर्मात्या ओफेलियाबाईंना म्हणालो.

"चार सेकंद काहीच हललं नाही तर मुलं उठून जातील."

"शेकोटी हलतेय की."

"शेकोटी दुसऱ्या विभागाकडे आहे."

मी पाच पत्रं लिहिली. सहाव्या आठवड्यात दुरुस्ती झाली. नळी स्थिर होती, फाउस्तोचं डोकं तिच्याभोवती फिरत होतं. चाचणीला बोलावलेल्या मुलांपैकी दोघांना गरगरलं, म्हणून पुन्हा नळीच फिरवायची ठरली. माझं मन राखायला ओफेलियाबाई म्हणाल्या, "तुझा हात इतका सुंदर जमलाय, आम्ही त्याचा क्लोज-अप घेतलाय." आता आठ सेकंद झाले होते.

पहिला खेळ आमच्या गावच्या क्लबात होता. मी मामाला फोन केला.

"मामा, उन्हाचा येऊ नकोस. घरीच पड."

"मला काय धाड भरलीय? शर्टाला इस्त्री झालीय."

शहामृग बोलला तेव्हा लोक हसले. मग पडद्यावर भिंतीएवढा हात आला, अर्धी करंगळी आली आणि नळी फिरायला लागली. खुर्च्यांची करकर थांबली.

"आन्सेल्मो," मागून औषधाच्या दुकानातल्या एउलालियाबाई म्हणाल्या, "हे घरी कधीपासून चालू आहे?"

मामाने हात खिशात घातला आणि सिनेमा संपेपर्यंत तिथेच ठेवला. शेवटी फाउस्तो न मरता निघून गेला, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

रविवारी मामाच्या अंगणातल्या अकरा स्टुलांपैकी दोन भरली. एकावर मी. दुसऱ्यावर बेकरीवाला रुफिनो, स्वतःचा थर्मास आणि स्वतःचा तुंबा घेऊन.

"हे काय रे?" मामाने विचारलं.

"रागावू नका, डॉन आन्सेल्मो. डॉक्टरांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"ते अजून विचारायचंय."

"मी कधी ढवळलं, सांग बरं."

"मी कुठे म्हणतोय? दिसलं एवढंच."

"अहो, ते चित्र आहे," मी म्हणालो. "मी काढलंय."

"कोणाचा हात बघून?"

"मामाचा."

"मग झालं तर," रुफिनो म्हणाला आणि आपल्या तुंब्यात पाणी ओतलं.

मामा भरलेल्या तुंब्याकडे बघत बसला. मग त्याने चिमटीत नळी धरली आणि फिरवली. सावकाश, काठाला घासत, गोल गोल. थांबवायचं सोडून मी सेकंद मोजत होतो. आठ भरले. त्याने तुंबा माझ्या हातात दिला.

"ओढ."

मी ओढलं. गाल आत गेले, कानांत दडे बसले. काहीच वर आलं नाही.

"येतंय?"

मी मान हलवली. नाही.

"येईपर्यंत ओढ," मामा म्हणाला आणि त्याने रुफिनोपुढे हात पसरला. "दे बाबा. आज तुझ्यातलंच दे."