चष्मेवाल्याचा रुसवा

चष्मेवाल्याच्या लोकांकडे आता रुसव्याखेरीज काही उरलं नव्हतं. आजोबांच्या पिढीत ते या शहरात आले. सोबत आणलेली भाषा नातवंडं विसरली, गाणीही गेली. रुसवा तेवढा टिकला. रुसलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसे आणि ब्र काढत नसे. "रुसतो तो आपला," असं त्यांच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी म्हणायच्या, आणि मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आपला चष्मेवाला मात्र हसरा. दुकानाच्या दारात सावली पडली की "या, बसा!" आणि गिऱ्हाइकाने दहा फ्रेमी नाकावर चढवून एकही घेतली नाही तरी हा खूश. त्याला मावशींच्या भाचीशी लग्न करायचं होतं, तिलाही करायचं होतं. घोडं अडलं ते या हसण्यापाशी.

"पोरगा गुणी आहे," मावशी म्हणाल्या, "पण एकदा रुसून दाखव म्हणावं."

त्याने जीव तोडून सराव केला. आरशासमोर गाल फुगवले की हसू फुटायचं. परीक्षेच्या दिवशी मावशींकडे भिंतीला तोंड करून बसला, तर तिथल्या पालीशीच गप्पा मारायला लागला.

"याची आई तरी आपल्यातली होती का, कोण जाणे," मुलीचे काका पुटपुटले.

हे मात्र लागलं. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तो कोपऱ्यात सरकला, भिंतीकडे वळला आणि चहा आला तरी हलला नाही.

घरात आनंदीआनंद. "मान बघा, थेट आजोबांची!" म्हणत काकांनी मिठाई वाटली. लग्न ठरलं. नवरदेव काही वळेना. रुसायला सगळ्यांना येत होतं, समजूत काढायला कुणालाच येत नव्हतं. शेवटी मावशी त्याच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"आपण रुसलोय कुणावर, मावशी?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"या गावावर. आजोबा आले तेव्हा कुणी दारात उभं केलं नाही. ते रुसले. कुणीतरी येईल समजूत काढायला म्हणून आम्हीही थांबलो. गावाला पत्ताच नाही रे."

त्याचा राग कुठल्या कुठे गेला. तो वळला, थोडा सरकला आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "या, बसा."

"झालं! इतक्यात संपला रुसवा?" काका म्हणाले. "म्हणजे हा आपला नाहीच."

मावशींना ते ऐकू आलं नाही. त्या बसल्या होत्या आणि हमसून हमसून रडत होत्या.