खालचा आरसा

माझा भाऊ मेलेल्या विनोदांवर जगतो. इंटरनेटवर कधीकाळी गाजलेलं एखादं मीम घ्यायचं, ते कुठून आलं, पहिल्यांदा कोणी टाकलं, त्यातला माणूस आज कुठे आहे हे वीस मिनिटांत सांगायचं आणि शेवटी भुवया उडवून हसायचं. आठ लाख लोक त्याला 'पंडित' म्हणतात. घरात तो बाळ्या आहे. तिशी आली तरी बाळ्याच, आणि यात दोष आईचा.

बोलतो तो, शोधते मी. बंद पडलेले ब्लॉग, ओस पडलेले फोरम, कोणाकोणाच्या जुन्या हार्ड डिस्क, सगळं डोळे फुटेस्तोवर उकरते. आधी मी एका वाचनालयात सूचीचं काम करायचे. ती बरी नोकरी सोडून याच्या मागे आले, कारण सख्खा भाऊ. दहा वर्षांत माझं नाव एकदाही पडद्यावर आलेलं नाही. "ताई, प्रेक्षकांना एकच चेहरा लागतो," असं तो म्हणतो आणि मी मूर्खासारखी मान डोलावते.

आमच्या कामात एकच नियम आहे आणि तो मी घातलाय. तीन पुरावे असल्याशिवाय कोणाचं नाव घ्यायचं नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही एका नृत्यशिक्षिकेचं नाव घेतलं होतं. तिचा त्या मीमशी काडीचा संबंध नव्हता. लोकांनी महिनाभर तिला फोनवर शिव्या घातल्या, तिचा क्लास बंद पडला. पुढच्या व्हिडिओत आम्ही माफी मागितली. ती मोजून चार हजार लोकांनी पाहिली आणि शिव्या देणारे त्यात नसणार.

चॅनेलला दहा वर्षं होणार म्हणून बाळ्याने मोठा विषय काढला. 'एका बुटाचा माणूस'. हे मीम पाहिलेलं नाही असा माणूस विरळा. बुटांच्या दुकानात बाकावर एक मध्यमवयीन माणूस बसलाय. एका पायात नवा बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. तो ओंजळीत तोंड लपवून रडतो, मग वर बघतो. अकरा सेकंद. आवाज काढून वर कसलंतरी संगीत टाकलेलं. परीक्षेत नापास झालात, टाका एका बुटाचा माणूस. संघ हरला, टाका. अकरा वर्षं जग त्याच्यावर हसतंय.

"या वेळी क्लिप काढणाऱ्याचं नाव घ्यायचं," बाळ्या म्हणाला. "त्या दुकानाचा मॅनेजर. मिशीवाला. मी ओळखतो ना त्याला."

ओळखणारच. कॉलेजात असताना बाळ्याने सहा महिने त्याच दुकानात गिऱ्हाइकांना बूट घालून दाखवले होते. क्लिप निघाली त्या दिवशी आपण सुट्टीवर होतो, असं तो पहिल्यापासून सांगत आलाय.

"पुरावे?" मी विचारलं.

"एक, क्लिप बिलाच्या काउंटरवरून काढलीय, तिथे तोच उभा असायचा. दोन, आठवड्याभरात मालकाने त्याला हाकललं, याच क्लिपवरून. तीन, मी सतरा वेळा फोन केला, तो उचलत नाही. काही केलं नसतं तर उचलला असता."

"फोन न उचलणं हा पुरावा? मग तुझी अर्धी मित्रमंडळी खुनी आहेत."

"तुला ना, माझं चाललेलं बघवत नाही."

"तुझं जे चाललंय ना, ते माझ्या डोळ्यांवर चाललंय!"

आतून आई ओरडली, "हळू बोला, शेजारी ऐकतायत." शेजाऱ्यांना काय, आठ लाखांना ऐकवायला बसलेलं घर हे.

त्याने माझं न ऐकता व्हिडिओ पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला लावून ठेवला. थंबनेलवर मिशीवाल्याचा जुना फोटो, त्याभोवती लाल गोल. माझा संताप झाला. शेवटची परवानगी माझ्या लॉगिनमधून जाते, म्हणून ती देण्याआधी मी सकाळी उठून सरळ त्या मॅनेजरकडे गेले.

तो आता एका बाजाराच्या जिन्याखाली किल्ल्या बनवतो. मिशी पांढरी झालीय. मला बघून त्याने मशीन थांबवलं नाही. हातातली किल्ली पुरी केली, गिऱ्हाइकाला दिली आणि मग म्हणाला, "तुम्ही त्याची बहीण. कपाळ सारखं आहे."

"तुम्ही ती क्लिप काढलीत का, एवढं सांगा. हो म्हणालात तर मी इथून जाते."

तो खोकल्यासारखं हसला. मग खालच्या खणातून तडकलेल्या काचेचा एक जुना फोन काढला, चार्जरला लावला आणि तो सुरू होईपर्यंत आणखी दोन किल्ल्या कापल्या. मी स्टुलावर बसून राहिले. फोन सुरू झाला तसा त्याने दुकानातल्या कामगारांचा जुना ग्रुप उघडून माझ्यासमोर धरला.

क्लिप होती. चाळीस सेकंदांची, आवाजासकट. माणूस फोनवर विचारतोय, "कुठल्या हॉस्पिटलात? ... गेला? अहो, पण सकाळी तर बोलला माझ्याशी. धाकटा भाऊ आहे हो तो माझा..." आणि मग ती ओंजळ. खाली मजकूर होता, 'बूट चावला वाटतं साहेबांना', आणि हसणारे तीन चेहरे. पाठवणाऱ्याचा नंबर माझ्या भावाचा होता.

इथे थोडं कामाचं सांगते. मीम हातोहात फिरतं तसं चारी बाजूंनी कापलं जातं. जितकी कापाकापी कमी, तितकी प्रत जुनी. आम्ही याच वाटेने मागे मागे जातो. पण या क्लिपची अगदी पहिली पोस्टसुद्धा डावीकडून कापलेली होती, बाक मध्येच तुटायचा. मला ते नेहमी खटकायचं. जन्मतःच कापलेलं मीम मी दुसरं पाहिलेलं नाही.

मिशीवाल्याच्या फोनमध्ये बाक पुरा होता. बाकाच्या डावीकडे, बुटांच्या दुकानात असतो तसा जमिनीलगतचा तिरका आरसा होता. त्यात काउंटरच्या बाजूला उभ्या असलेल्या कोणाचे तरी पाय दिसत होते. करडे बूट. एका बुटाची नाडी पांढरी आणि दुसऱ्याची जांभळी.

ती जांभळी नाडी मी ओवली होती. त्याची तुटली म्हणून माझ्या बुटाची काढून दिली होती. वर "अशीच राहू दे, भारी दिसते" असं तो म्हणाला होता. चॅनेलच्या पहिल्या व्हिडिओत हाच शहाणा टेबलावर पाय टाकून बसलाय आणि तेच बूट कॅमेऱ्यात घुसलेत. तो व्हिडिओ आजही कोणीही बघू शकतं.

"तुम्ही अकरा वर्षं गप्प का बसलात?" माझा आवाज चढला. खरंतर त्याच्यावर चढवायचं काही कारण नव्हतं.

"तुमच्या आई आल्या होत्या दुकानात. पोराचं अख्खं आयुष्य पडलंय म्हणाल्या, रडल्या. मालकाला कोणालातरी काढायचं होतं. मी म्हटलं, माझ्या हाताखालचा पोरगा, जबाबदारी माझी." त्याने किल्लीवरचा चुरा फुंकला. "आयुष्य माझंही पडलं होतं म्हणा. नंतर कुठल्या दुकानाने उभं केलं नाही मला. असो. माझं नाव नको, बाई. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि त्याने ती क्लिप आणि खालचा निरोप माझ्या फोनवर पाठवला.

परतीच्या वाटेवर मला बाळ्याचा आला नाही इतका राग आईचा आला. घरात तिघं आणि वेडी एकटी मीच होते.

चार वाजता खोलीत शिरले तेव्हा तो शूटिंगच्या दिव्यासमोर केस सारखे करत होता. मी क्लिप लावली. बावीस सेकंद त्याने पाहिली. मग माझ्याकडे बघण्याऐवजी दाराकडे बघितलं, आई कुठे आहे ते.

"एकोणीस वर्षांचा होतो मी," तो म्हणाला.

"तेव्हा एकोणीसचा होतास. काल किती वर्षांचा होतास? काल त्याच्या फोटोभोवती लाल गोल काढलास तो?"

"कोणीतरी काढायलाच आलं होतं हे, ताई! दोन जण याच मीमवर खोदतायत. माझं नाव आलं असतं तर चॅनेल संपलं. त्याचं काय जातंय? किल्ल्या तर बनवतो."

मी हात उगारला होता. आई मध्ये आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "तू कशाला उघडतेस? भाऊ आहे तुझा."

"तो रडणारा माणूसही कोणाचा तरी भाऊच होता. त्याचा धाकटा गेला होता तेव्हा, आई. तुला माहीत होतं?"

आईला माहीत होतं. तिने पदराला हात पुसले आणि ती आत निघून गेली. ती अशीच जाते.

मी मिशीवाल्याचा व्हिडिओ रद्द केला आणि खुर्ची पुढे ओढली. "बस. तुझ्या तोंडाने सांग. सहाला तेच जाईल."

तो बसला. सात वेळा सुरुवात केली. पहिल्यांदा म्हणाला, "दुकानातल्या कोणीतरी." मी थांबवलं. मग "तिथल्या एका कामगाराने." मग "त्या काळी आपण सगळेच असे होतो." सगळेच! शब्दांचा एवढा धनी माणूस, पण 'मी' हे एक अक्षर त्याच्या तोंडातून निघेना. सातव्या वेळेला त्याने माइक काढून टेबलावर ठेवला.

"झालं एवढं पुरे. 'एका कामगाराने' म्हटलंय ना, खोटं नाहीये ते. तू पूर्ण क्लिप लाव, फोनवरचं बोलणंही लाव, लोक रडतील. फक्त डावीकडचं तेवढं क्रॉप कर."

"पहिल्यांदा कोणी केलं होतं रे?"

त्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं. अनवाणीच होता.

त्याला खोलीबाहेर काढून मी कडी लावली. तो दारावर थापा मारत होता, तुझं पोटही यावरच भरतं म्हणत होता, आणि ते खरं होतं. त्याच्या बडबडीतला एकही शब्द मी घेतला नाही. चाळीस सेकंद पुरे, न कापता. मग ग्रुपमधला निरोप. मग आरसा, मोठा करून. मग पहिल्या व्हिडिओतले टेबलावरचे पाय. तीन पुरावे झाले, म्हणून नाव लिहायला घेतलं. आधी 'पंडित' लिहिलं आणि खोडलं, कारण त्या नावाचा माणूस तेव्हा नव्हता. मग त्याचं खरं नाव लिहिलं. आडनावापाशी बोटं थांबली, कारण ते माझंही आहे.

सहाला पाच मिनिटं असताना मी तेही लिहिलं. दहा वर्षांत माझं नाव पहिल्यांदाच पडद्यावर जात होतं, अर्धं का होईना.