तळाशी उरलेला सॉस

सॉसच्या बाटलीच्या झाकणाचा मधला भाग किंचित वर आला होता, बोटाने दाबला की टक् करून खाली जायचा, पुन्हा वर यायचा… आणि शामकांतांना आठवलं ते इंदूवहिनींचं पत्र, अजून उत्तर न दिलेलं. मिरजगावहून टोमॅटो सॉसबरोबरच आलेलं. 'भाऊजी, यात टिकण्यासाठी काही घातलेलं नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, डबे फ्रीझरमध्ये. गोठल्यावर फुगतो म्हणून ते जरा रिकामे ठेवलेत. उघडलं की चार-पाच दिवसांत संपवा, चमचा कोरडा घ्या. झाकण फुगलं, बुडबुडे आले, पांढरं दिसलं, तर चाखूनसुद्धा बघू नका. लागला तर कळवा, मी आणखी करीन.'

कळवा — म्हणजे मागा. शेवगावात एकट्याने राहून, ग्रंथालयाच्या नोकरीत जन्म काढून, त्यांना तेवढंच जमलं नव्हतं. फोनवर 'हो, बरं' यापलीकडे शब्द फुटत नसे. कागदावर 'आपल्या मायेने भारावून' असं लिहिलं, तर ते कुणा दुसऱ्याचंच वाटलं, खोडलं. शेवटचा डबा या बाटलीत ओतला आणि दोन बोटं सॉस उरल्यावर त्यांनी तो खाणंच थांबवलं… संपला असता तर? चार-पाच दिवस केव्हाच उलटून गेले.

झाकण फिरवताच फस्स झालं. कडेला पांढरा ठिपका, आंबूस वास.

"वरचं तेवढं काढून टाका की दादा," भाकरी थापता थापता स्वयंपाकाला येणाऱ्या कडूबाई म्हणाल्या. "लोनच्याचं न्हाई काढत व्हय?"

"लोणच्याला तेल असतं, मीठ असतं. हा आतून गेला असेल. वहिनींनी लिहिलंय, चाखायचासुद्धा नाही."

"मंग टाका. बघत काय बसलाय? ती बाटली काय बोलनार हाय व्हय तुमच्याशी?"

त्यांना हसू आलं. पण हात उठेना. भर उन्हाळ्यात शेगडीपुढे उभं राहून वहिनींनी हे आटवलं असेल, गाळलं असेल. भाऊ गेल्यावरही या दिराची आठवण ठेवून… आणि आपण ते जपून जपून नासवलं.

वहिनी घरात नव्या आल्या होत्या तेव्हाची एक पंगत. पोटात भूक असताना शामकांतांनी सवयीने पानावर हात आडवा धरला. वाढणारे पुढे गेले. वहिनी मात्र भाताचं पातेलं घेऊन माघारी फिरल्या. "हात काढा भाऊजी. नाही म्हणताना कुणी पातेल्याकडे बघतं का?" — किती वर्षं झाली, आणि तो भात अजून पुरतोय.

"शेळीला घालू का?" कडूबाईंनी विचारलं.

"नको. कुणालाच नको." त्यांनी बाटली झाकणासकट पिशवीत घातली, गाठ मारली, कचऱ्यात टाकली.

मग कार्ड घेतलं. 'वहिनी, सॉस खराब झाला, टाकला. चांगला होता म्हणून राखून ठेवला, तिथे चुकलं. आणखी हवा आहे.' शेवटचं वाक्य निर्लज्ज वाटलं. खोडावं?… पेन उघडंच राहिलं, कार्डावरची शाई वाळली, वाक्य तसंच राहिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड पडलं तेव्हा आवाजही झाला नाही. नीट पोचेल का, त्या हसतील का, काही कळत नव्हतं. पेटीच्या तोंडाशी हात थोडा वेळ तसाच राहिला — रिकामा, उताणा, आडवा नव्हे.